दुसरी बाही

आत्याबाईंच्या शिवणघरात एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतः घालून दिलेला होता: नवख्या माणसाची पहिली कात्री चांगल्या कापडावरच चालायची. चिंध्यांवर हात धीट होत नाही, नुसता बेफिकीर होतो, असे त्यांचे मत होते. आणि त्यांच्या मतापुढे त्या घरात कुणाची डाळ शिजत नसे. म्हणून सुट्टीत राहायला आलेल्या भाचीने, धाकट्या भावाच्या ठमीने, "आत्या, मी कापून बघू?" असे भीत भीत विचारले, तेव्हा त्यांनी तिच्यापुढे थेट गिऱ्हाईक म्हणून आलेल्या एका जादूगाराच्या कोटाची तांबडी मखमल पसरली.

कोटाची पाठ आणि पुढचे भाग त्यांनी आधीच कापून ठेवले होते. राहिल्या होत्या त्या बाह्या आणि कॉलर. बाहीचा कागदी फर्मा ठमीच्या हाती देऊन, "नीट मांड, टाचण्या लाव, मग काप. आणि कापड वाया घालवू नकोस," एवढे बजावून त्या बाहेरच्या खोलीत एका गिऱ्हाइकाचे माप घ्यायला गेल्या.

परतल्या, तो ठमी कापलेली बाही मिरवत उभी.

"आत्या, बघ किती कापड वाचवलं. कागद उलटा फिरवला, म्हणजे कसा कडेला चिकटून बसला."

आत्याबाईंनी बाही घेऊन कोटाच्या पाठीशेजारी ठेवली आणि दोन्हींवरून हात फिरवून पाहिला. मखमलीला मांजराच्या पाठीसारखी लव असते. एका दिशेने हात फिरवला तर मऊ, दुसऱ्या दिशेने खरखरीत. प्रकाशही तिच्यावर तसाच दोन तऱ्हांनी पडतो, म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेने कापायचे असतात. आत्याबाईंच्या हे इतके अंगवळणी पडलेले होते, की मुलीला सांगायचेच राहून गेले. ती बाही आता काळपट दिसत होती, जणू दुसऱ्याच ताग्यातली. आणि उरलेल्या मखमलीत कॉलर सोडली तर एकच बाही बसणार होती.

ठमीने पाहिले. कात्री हळूच टेबलावर ठेवून तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"मी बिघडवलं ना?"

"हो, बिघडवलंस." खोटे बोलून मुलांची समजूत काढणे आत्याबाईंना मान्य नव्हते.

नेमका त्याच वेळी धाकटा तिला न्यायला आला. टेबलावर एक नजर टाकताच सगळे त्याच्या ध्यानात आले. कितीही झाले तरी शिंप्याचाच मुलगा.

"ठमे, सरक बाजूला. ताई, तू तरी कमाल करतेस. एवढ्याशा पोरीच्या हातात कात्री? दे इकडे ती."

त्याने हात पुढे केला. तो हात आत्याबाईंना ओळखीचा वाटला. याच टेबलापाशी, ठमीएवढा असताना, धाकट्याने एका विजारीचा पाय आखूड कापला होता. वडील, म्हणजे अप्पा, रागावले नव्हते. नुसता हात पुढे करून म्हणाले होते, "आण ती कात्री." धाकट्याने दिली, ती कायमची. पुढे तो शिकला, नोकरीला लागला, संसार मांडला; पण नवे काही करायचे म्हटले की याचा पाय मागे. सायकल नको, पोहणे नको, दुसऱ्या गावी चालून आलेली बढतीही नको. माणूस लाखाचा, मात्र आपण मनाने काही केले की ते बिघडणारच, याची त्याला पुरती खात्री. अप्पांपुढे तेव्हा आत्याबाईंची ब्र काढण्याची प्राज्ञा नव्हती. आज टेबल त्यांचे होते.

"हात खाली घे, बाळा."

"अगं पण जादूगाराला शनिवारी कोट—"

"जादूगार ससे गायब करतो. एक बाही त्याला जड नाही जायची." मग त्या ठमीकडे वळल्या. "एकच बाही काळपट दिसली, तर लोक काय म्हणतील?"

"चुकली म्हणतील."

"आणि दोन्ही दिसल्या तर?"

ठमीने जरा विचार केला. "मग कोटच तसा आहे, म्हणतील."

"फॅशन म्हणतील. कॉलरही तशीच कापू, म्हणजे शंकाच नको."

"मग तू काप. मी नाही धरणार कात्री."

आत्याबाईंचा हात कात्रीकडे गेला, पण त्यांनी तो आवरला. स्वतः कापली असती तर बाही निर्धोक झाली असती. पण पाठीमागे गेलेले ते दोन हात मग तिथेच राहिले असते, मुलगी बापाच्या वयाची झाली तरी.

"ठमाबाई, उलटी बाही तू कापलीस. माझा हात सवयीनं सुलटाच जाईल. कागद कसा फिरवला होतास, दाखव. ही दुसऱ्या हाताची, म्हणून पालथाही घालावा लागेल."

एक हात पुढे आला, मागोमाग दुसरा. ठमीने कागद पालथा घातला, फिरवला, पुन्हा फिरवला. मग कुणी न सांगता पहिल्या बाहीवरून तळवा फिरवला, कापडावरूनही फिरवला.

"वरच्या बाजूला मऊ लागतंय. तिलाही तसंच आहे."

"मग बरोबर आहे."

"ताई," धाकटा हळूच म्हणाला, "मी काय करू?"

"कापड धर. मखमल घसरते. आणि बोलू नकोस."

ठमीने दोन्ही हातांनी कात्री धरली. पाती कापडात शिरली. आत्याबाईंनी आपले हात पदरात घट्ट गुंडाळून घेतले. अर्ध्यावर कात्री थांबली.

"बाबा, इथं वळण आहे. जरा फिरवा ना."

"असं?"

"हं. आणखी थोडं."

बाही सुटून आली. आत्याबाईंनी ती पहिलीशेजारी ठेवली, खिडकीकडून पाहिली, दाराकडून पाहिली. "जमली," त्या म्हणाल्या. याहून मोठी शाबासकी त्या घरात कुणाला मिळालेली नव्हती.

मग त्यांनी कॉलरचा कागद काढला आणि ठमीला न देता धाकट्याच्या हातात ठेवला. त्याने तो एकदा असा, एकदा तसा धरून पाहिला. शेवटी त्याने लेकीला विचारले, "कसा लावू गं?"

"उलटा, बाबा," ठमी म्हणाली. "आणि घाबरू नका. कापड मी धरते."