माझंपण घ्या

श्रुतिका कोपरातला कापूस दाबून उठली, तशी रुक्मिणी त्याच स्टुलावर बसली आणि तिने ब्लाउजची बाही वर सारली.

"माझंपण घ्या."

रक्त घेणारा माणूस थबकला. "तुमचं कशाला, मावशी? मुलीचं झालं ना."

"घ्या म्हटलं ना."

"मग आधी मॅडमशी बोलावं लागेल. नियम आहे."

रुक्मिणी मुकाट्याने उठून समुपदेशनाच्या खोलीत गेली. श्रुतिकाला भरून आलं. आपल्याला एकटं वाटू नये म्हणून आई स्वतःलाही सुई टोचून घ्यायला निघाली होती.

कालपासून आईचं वागणं तिला कळतच नव्हतं. नितेशशी तिचं दोन महिन्यांपूर्वी फिसकटलं होतं. परवा अचानक त्याचा फोन आला. "माझी एचआयव्हीची टेस्ट पॉझिटिव्ह आलीये. तू पण करून घे ना, प्लीज." दिवसभर तिने ते पोटात ठेवलं आणि काल मेथी निवडता निवडता आईसमोर सगळं बोलून गेली, त्याच्याबरोबर लोणावळ्याला राहिल्याचंसुद्धा. आता तोंडात बसणार, असं तिला वाटलं होतं. रुक्मिणीने काड्या कागदात गुंडाळल्या आणि एवढंच विचारलं, "उद्या सुट्टी मिळेल तुला?" ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून त्या भांडुपहून थेट बोरिवलीच्या सरकारी दवाखान्यात आल्या होत्या.

चेतना मॅडम श्रुतिकाशी दहा मिनिटं बोलल्या होत्या. आईला आत जाऊन अर्धा तास झाला. दाराच्या काचेतून आईची पाठ दिसत होती. बोलत होती ती आईच. मॅडम नुसत्या ऐकत होत्या.

रिपोर्टसाठी श्रुतिकाला आधी बोलावलं.

"निगेटिव्ह आहे. पण दोनच महिने झालेत, म्हणून महिन्याभराने आणखी एकदा ये."

रडू येईल असं तिला वाटलं होतं. लागली ती तहान.

"तू इथेच थांब," मॅडम म्हणाल्या. "आईंनीच सांगितलंय."

रुक्मिणी आत आली, पण बसली नाही.

"तुमचीही निगेटिव्ह आहे, रुक्मिणीताई."

"परत बघा."

"बारा वर्षं झाली. असता तर आज दिसलाच असता. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

श्रुतिकाने आईकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी बाबा गेले होते. टीबीने गेले, असं तिला सांगितलेलं होतं.

बाहेर आवारातल्या बाकावर बसल्यावर रुक्मिणी समोर बघतच बोलली.

"टीबी होताच. पण तो ह्याच आजारापायी झालेला. डॉक्टर म्हणाले, मायलेकी दोघींची तपासणी करा. तुझी केली. सर्दीचं औषध आणायचंय सांगून नेलं होतं तुला."

"आणि तुझी?"

"हिंमत झाली नाही गो. वाईट आली असती तर तुला कुणाच्या दारात ठेवायची, तेच सुचेना. म्हटलं, उभी आहे तोवर उभी आहे."

श्रुतिकाला जयवंतकाका आठवले, बाबांच्या कंपनीतले. ती चौदा वर्षांची असताना त्यांनी आईला लग्नाचं विचारलं होतं. पोरगी मोठी होतेय, घरात परका पुरुष नको, असं आईने त्यांना सांगितलेलं तिने पडद्याआडून ऐकलं होतं. पुढे आई एकटी जेवायला बसलेली दिसली की श्रुतिका उगाचच तिच्या ताटाजवळ जाऊन बसायची.

"जयवंतकाकांना तू माझ्यामुळे नाही म्हणालीस ना?"

"त्यांना दुसरं काय सांगणार होते? तुझं नाव पुढे केलं."

"मला वाटायचं..."

"माहितीये. तुला तसं वाटू दिलं मी."

"कुठे असतात ते आता?"

"चिपळूणला. लग्न केलं नंतर. बायको चांगली आहे म्हणतात."

रुक्मिणी उठली. तिने निऱ्या सारख्या केल्या, पदर खांद्यावर घेतला आणि फाटकाकडे चालू लागली. चार पावलं गेल्यावर, मागे न बघता म्हणाली,

"मला आवडायचे गो ते."