चौथा रकाना

तेलीबांध्याच्या एका ऑफिसात उरला या कारखान्यांच्या वस्तीतल्या भट्ट्यांसाठी सॉफ्टवेअर बनायचं. तापमान मर्यादेपलीकडे गेलं की भोंगा वाजवायचा, एवढंच त्याचं काम. मार्च महिन्यात एका कारखान्यात तो वाजलाच नाही आणि बीरगांवचा दयाराम भट्टीसमोर जळून मेला. भोंग्याची मर्यादा दोन वर्षांपूर्वी कुणीतरी वाढवून ठेवली होती.

कुणी, ते ऑफिसात प्रोग्राम लिहिणाऱ्या चेतनाला पक्कं ठाऊक होतं. तिनेच. भोंगा ऊठसूट वाजतो म्हणून कारखान्यातून फोनवर फोन येत होते. तिने आकडा वाढवला, पुढच्या आठवड्यात खाली आणू असं ठरवलं आणि साफ विसरली. बदल पाठवला तो स्वतःच्या कॉम्प्युटरवरून, पण सोबत काम करणाऱ्या लोकेशच्या लॉगिनने. सगळेच त्याचं लॉगिन वापरायचे. स्वतःची परवानगी मिळवायची तर अर्ज, सही, आठवडाभर वाट बघणं. लोकेशचा पासवर्ड मात्र त्याच्या टेबलावर चिकटवलेला असे. पोट्टा स्वभावाने इतका भिडस्त की कुणाला नाही म्हणणं त्याला जमलंच नाही.

आता चौकशी समिती येणार होती. प्रोग्राममधला प्रत्येक बदल इतिहासात नोंदला जातो, आणि इथे अशा अकरा हजार नोंदी साचल्या होत्या. समितीला हवं तेवढंच दिसावं म्हणून त्यांच्यावर एक फिल्टर बनवायचं काम साहेबांनी, म्हणजे श्रीपादरावांनी, चेतनाकडे दिलं.

तिने कागदावर चार रकाने काढले. फाइल, तारीख, नाव, आणि चौथा, बदल कोणत्या कॉम्प्युटरवरून आला तो. ती माहिती सर्व्हरवर होतीच. चौथ्या रकान्याकडे ती पाहत बसली. वडिलांची रेल्वेची नोकरी संपलेली, घर तिच्याच पगारावर, आणि खिडकीबाहेर कधीही पोलिसांची गाडी येईल असं तिला सारखं वाटे. तिने पेन उचललं आणि तो रकाना खोडला.

श्रीपादरावांनी कागद पाहिला. ''हा काहून खोडला?''

''गर्दी होते सर. पाहणारा गोंधळून जाईन.''

''बरोबर आहे. जितकं कमी तितकं चांगलं,'' ते म्हणाले, आणि शाबासकी देऊन गेले. गर्दी तर खरंच होत होती; खोटं बोलावं लागलं नाही, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

समितीने फाइल निवडली, तारखा टाकल्या. अकरा हजारांतून एकच ओळ उरली. समोर लोकेशचं नाव.

संध्याकाळी तो आपली बॅग भरत होता. चेतना त्याच्याजवळ गेली. ''लोकेश, पासवर्ड तर सगळ्यांजवळ होता. तू तसं सांगत काहून नाही?''

''मले आठवतच नाही ना. दोन वर्षं झाली,'' तो म्हणाला. ''माह्याच हातून झालं असंन. उगाच दुसऱ्याचं नाव काहून घेऊ? तूच तर बनवला फिल्टर. तो काय खोटं बोलते?''

तिने त्याच्या बॅगेची चेन लावून दिली. आणि मग तो म्हणाला, ''मी आता बीरगांवले जाऊन राहिलो, दयारामच्या घरी. एकट्यानं जायची हिंमत नाही होत. तू येशीन का?''

नाही म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हतं. ती त्याच्या स्कूटरवर मागे बसली.

दयारामची बायको कमला उंबऱ्यात बसून होती. लोकेश तिच्या पायांशी वाकला. ''भाभी, मेरे हाथ से हुआ है,'' एवढंच तो म्हणाला. कमलाने त्याच्याकडे पाहिलं. शिवी नाही, शाप नाही. मग तिने तोंड फिरवलं आणि चेतनाकडे बोट केलं. ''ये दीदी कौन है?''

''इन्होंने ही ढूँढके निकाला,'' लोकेश म्हणाला.

कमला उठली. चेतनाचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत धरले, घट्ट. ''आपने बता दिया दीदी, नहीं तो हमको कौन बताता,'' ती म्हणाली, आणि आत जाऊन चेतनासाठी पाणी घेऊन आली. लोकेशला विचारलं नाही.

चेतनाने पेला घेतला, आणि लोकेशच्यादेखत सगळं पाणी पिऊन टाकलं.