भिकुबाईच्या धाब्यावरची कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझी गोष्ट काही गोड नाही. माझा काळा डबा एका अंगाला वाकला आहे. हलवलं की पोटात खुळखुळ वाजतं. पण मीही एकेकाळी नवीकोरी होते. कारखान्यात माझ्या पोटात लांबच लांब तपकिरी पट्टी गुंडाळली, वर चकचकीत कागद चढवला आणि मला एरंडोलच्या एका दुकानात काचेमागे बसवलं. तेव्हा काय तोरा होता माझा!

तिथून मला उचललं गफूरभाईंनी. एकोणीसशे एकोणनव्वद साली सगळ्या एरंडोलात लग्नाचं शूटिंग करणारा माणूस म्हणजे गफूरभाई. खांद्यावर तो भला मोठा कॅमेरा, मागे दिवा धरणारा एक जण, आणि पुढे हटायला तयार नसलेली पोरंटोरं. त्यांनी मला कॅमेऱ्यात घातलं ते झुलालभाऊ आणि भिकुबाई यांच्या एकुलत्या एका पोरीच्या, प्रमिलाच्या लग्नात.

प्रमिला म्हणजे बोलभांड पोर. ती विहिरीवर बोलली की गल्लीत ऐकू यायचं, असं लोक म्हणायचे. लग्नात बायांनी तिला घेरलं, "नाव ले व पोरी, नाव ले!" ती लाजली, मग उखाणा घ्यायला लागली, मधेच खुदकन हसली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करून नाव पूर्ण केलं. ते सगळं मी टिपून घेतलं. जिवंतपणी तिचा आवाज कुठे साठवला गेला असेल तर तो त्या एका दिवशीच.

लग्न आटोपल्यावर झुलालभाऊंनी भाड्यानं टीव्ही आणि व्हीसीआर आणला. अंगणात सतरंजी टाकली आणि सगळी गल्ली मला बघायला बसली. "अरे, तो बघ तुझा मामा, कसा जिलब्या हाणतोय!" काय हशा, काय शिट्ट्या! माझ्या आयुष्यातला मान म्हणाल तर तो एवढाच. जाताना गफूरभाई भिकुबाईंना म्हणाले, "अक्का, हिला ओल लागू देऊ नका. बुरशी चढली का खेळ खलास." भिकुबाईंनी ते पदराला गाठ मारावी तसं मनात बांधून घेतलं.

प्रमिला सासरी गेली, साक्रीच्या पलीकडे डोंगरातल्या गावाला. दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले. सातव्यात माहेरी आणायचं ठरलं होतं. त्याआधीच तिला कावीळ झाली. कुणी झाडपाला दिला, कुणी मंत्र घातला. दवाखान्यात नेईपर्यंत पोर हातची गेली, पोटातल्या जिवासकट.

सासरीही त्याच लग्नाची, माझ्यासारखी एक कॅसेट होती. जावयानं दुसरं लग्न केलं तेव्हा त्याच कॅसेटवर नवं शूटिंग करून घेतलं. नवी घ्यायचा त्रास कशाला! तुम्हाला राग आला ना? मलाही आला होता. पण आमच्या रागाला कोण विचारतो.

म्हणजे उरले मी एकटी. झुलालभाऊंना मला बघवेना. व्हीसीआर आणू या म्हटलं की ते उठून शेताकडे चालू लागायचे. भिकुबाईंनी मला प्रमिलाच्या चोळीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवलं. आणि मग सुरू झालं ते ऊन.

आमच्या खानदेशात उन्हाळ्यात घराघरांतल्या वस्तूंना ऊन दाखवतात. डाळ, मिरच्या, गोधड्या, सगळं धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर पसरतात. ऊन लागलं की कीड मरते, ओल जाते, वस्तू वर्षभर टिकते. पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण आहे ते, आणि डाळीसाठी अगदी खरं आहे. भिकुबाई दर वैशाखात मला धाब्यावर न्यायच्या. तुरीच्या डाळीशेजारी स्वच्छ फडकं अंथरून मला ठेवायच्या. दुपारी येऊन पापडासारखी उलटायच्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी नीट ऊन लागावं. शेजारच्या बेबाबाई कौतुकानं म्हणायच्या, "अक्का, किती जपता हो!" खरंच, जपणं कुणी यांच्याकडून शिकावं.

मित्रांनो, वैशाखातलं ते ऊन! पत्र्याला हात लावला तर फोड यावा असं. मी आतल्या आत होरपळत होते, 'नको गं बाई, नको,' म्हणत होते. कॅसेटला स्वतःचं तोंड असतं का? माझी पट्टी कडांना आकसली, वळली. आता कान देऊन ऐका. माझ्या पट्टीवर चित्र मधल्या रुंद भागात असतं आणि आवाज कडेच्या एका बारीक रेघेत. कड गेली की आधी आवाज जातो.

अशी वर्षं गेली. एकोणीसशे नव्व्याण्णव साली बेबाबाईंनी बातमी आणली, की जळगावात जुन्या कॅसेटची सीडी करून देतात, ती कधी खराब होत नाही. आणि ते दुकान दुसऱ्या कुणाचं नाही, आपल्या गफूरभाईंचंच! भिकुबाईंनी झुलालभाऊंना कसंबसं तयार केलं आणि दोघं मला घेऊन एसटीत बसली.

दुकानात कॉम्प्युटरला व्हीसीआर जोडलेला होता. गफूरभाईंचे केस पिकले होते. भिकुबाई म्हणाल्या, "भाऊ, तोंड ते फोटोमा शे. माले तिना आवाज पाहिजे." चेहरा फोटोत होताच, त्यांना हवा होता तो तिचा आवाज.

मला मशीनमध्ये घातलं. पडदा थरथरला, पट्टे आले, आणि त्यातून प्रमिला दिसली. हिरवा चुडा, कपाळाला बाशिंग. झुलालभाऊंनी खुर्चीचा दांडा घट्ट धरला. पण आवाजाच्या जागी नुसती खरखर. गफूरभाईंनी बटणं फिरवली, मशीन पुसलं, मला दुसऱ्या मशीनमध्ये घालून पाहिलं. खरखरच.

"मनी पोर बोली ऱ्हायनी ना? मंग ऐकू का बरं येत नही?" पडद्यावर पोरीचे हलणारे ओठ बघत भिकुबाईंनी विचारलं.

गफूरभाईंनी मला बाहेर काढून झाकण उघडलं आणि वळलेली कड पाहिली. त्यांचा चेहराच उतरला. "अक्का, हिला ठेवत कुठे होता?"

"पेटीमा. आनि दर साल ऊन दखाडं मी तिले. तुम्हीच सांगं व्हतं ना भाऊ, ओल लागू देऊ नका. एक साल चुकनू नही."

गफूरभाईंनी माझं झाकण हळूच लावलं. मग खाली मान घालून म्हणाले, "कंपनीचा मालच हलका होता, अक्का. तुमच्याकडून काही राहिलं नाही." आयुष्यात मी ऐकलेलं ते सगळ्यात मोठं खोटं होतं, आणि त्या माणसाचे पाय धरावेत असं मला वाटलं.

"मी यावर सनई टाकून देतो," ते म्हणाले. "सगळेच टाकतात."

"नको भाऊ. तिना तोंडवर दुसरानी सनई नको."

गफूरभाईंनी मला तशीच परत मशीनमध्ये घातलं. पडद्यावर उखाण्याची वेळ आली. प्रमिलाचे ओठ हलले, ती हसली. तिच्या मागे दहा वर्षांपूर्वीच्या भिकुबाई उभ्या होत्या, ओठांवर बोट ठेवून तिला दटावत होत्या, की नवरी आहेस, हळू बोल. दुकानातल्या भिकुबाईंनी ते पाहिलं. त्या उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि काचेवर हात ठेवून म्हणाल्या, "बोल व माय. जोरमा बोल."

झुलालभाऊ तोंडात उपरणं कोंबून रडत होते.

आता माझं मागणं ऐका, मित्रांनो. तुमच्या घरात माझ्यासारखी कुणी असेल तर तिला सावलीत ठेवा, उन्हात नको. तिच्यातली माणसं बोलती आहेत तोवर तिची सीडी करून घ्या. मी तर गेल्यातच जमा आहे, माझं काही नाही. पण कधी एरंडोलला गेलात आणि त्या घरी चहाला बसलात, तर माझी कड कशानं वळली ते तेवढं भिकुबाईंना सांगू नका.