आवळलेली मुळं

"हे बाजूला ठेवा," पद्माकर म्हणाला आणि त्यानं ताम्हणाचं झाड बुंध्याशी धरून उजेडाकडे फिरवलं. खोड सरळ होतं, साल तुकतुकीत. पण अंगठ्याएवढं एक मूळ खोडालाच वेटोळं घालून बसलं होतं.

परदेशची माती सिंगापुरात आणता येत नाही, म्हणून ही शोभेची झाडं मुळं धुऊन, ओल्या गोणपाटात बांधून यायची. दापोलीला शेतकी शिकलेला पद्माकर अकरा वर्षं एका लँडस्केप कंपनीसाठी ती निवडत होता. गठ्ठा सोडायचा, मुळं बघायची, पसंत पडलं की खोडावर खडूनं खूण करायची.

चौथं झाड तसंच निघालं. सातवंही. त्यानं नर्सरीचं लेबल वाचलं, पुन्हा एकदा वाचलं.

तीन वर्षांपूर्वी याच नर्सरीची चौदा ताम्हणं त्यानं पुंगोल भागातल्या एका कॉन्डोसाठी, म्हणजे खाजगी गृहसंकुलासाठी, निवडली होती. त्या दिवशी धो धो पाऊस होता, लॉरी ताटकळली होती. एकाही गठ्ठ्याची सुतळी न सोडता, नुसती पालवी बघून त्यानं खुणा करून टाकल्या होत्या. ती चौदा झाडं मुलांच्या झोपाळ्यांभोवती लावली होती.

त्यानं मॅनेजर सुबोध सरांना फोन लावला.

"सर, पुंगोलची ताम्हणं तपासायला हवीत. मुळांनी खोड आवळलं असेल तर जोराच्या वाऱ्यात बुंध्यातून मोडतील."

"तीन वर्षं उभी आहेत ना? फुलतायत ना?"

"वरून कळत नाही, सर."

"पद्माकर, निवडीच्या कागदावर सही तुझी आहे. तुझा कामाचा पास पुढच्या महिन्यात रिन्यूअलला जाणार. तुझ्या तन्वीची शाळा आहे इथं. ईमेलवर असलं काही लिहू नकोस. कळलं?"

"हो, सर," तो म्हणाला, आणि पुंगोलला निघाला.

एलआरटीच्या छोट्या रेल्वेतून बाहेर पाहिलं तेव्हा पश्चिमेकडून काळंभोर आभाळ चढत होतं. गाडी प्रत्येक स्टेशनवर जरा जास्तच थांबतेय असं त्याला वाटत राहिलं. बायकोचा, राधिकाचा फोन आला.

"तुझा आवाज असा का येतोय?"

"काही नाही. नंतर बोलतो." तन्वीचं नाव निघालं असतं तर तो माघारी वळला असता.

झोपाळ्यांवर चारपाच चिमुरडी होती, बाकांवर त्यांच्या आज्या. झाडं वीसवीस फूट वाढली होती, जांभळ्या फुलांनी डवरलेली. तो पहिल्या झाडाशी गुडघ्यांवर बसला आणि हातानंच माती उकरू लागला. वीतभर खाली बोटं अडली. मनगटाएवढं मूळ, खोडात रुतलेलं. त्यानं तळहातानं खोड ढकललं, तशी पलीकडच्या मातीला भेग पडली.

त्याच वेळी वारा सुटला.

"मुलांना आत न्या! लवकर!" तो ओरडला.

गार्ड धावत आला. "कोण तुम्ही? मॅनेजमेंटला सांगितलंय का?"

"ही झाडं मी निवडली," पद्माकर इंग्रजीत म्हणाला. "चूक माझी आहे." हे शब्द पहिल्यांदाच त्याच्या तोंडातून बाहेर पडले.

गार्डनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शिट्टी फुंकली. एक आजीबाई मात्र जागच्या हलेनात. नातीला मराठीत दटावत होत्या, म्हणून त्यानंही मराठीतच विनवलं.

"आजी, हात जोडतो. आत चला."

"अहो, आत्ताच तर आलोय आम्ही!"

"डोन्ट वॉन्ट, लाह!" सिंगापुरी इंग्रजीत 'नको' म्हणत नात झोपाळ्याची साखळी सोडेना. त्यानं तिला झोपाळ्यासकट कवेत धरलं, साखळीवरची बोटं सोडवली आणि उचलून लॉबीत नेलं.

वीस मिनिटं वादळ घोंघावलं. काचेपलीकडे चौदाही झाडं वाकत होती, पुन्हा ताठ होत होती. प्रत्येक झोतानंतर पद्माकर ती पुन्हा मोजत होता. मग पाऊस थांबला. एकही झाड पडलं नव्हतं.

"काही झालं नाही हो," आजीबाई, सरोजिनीबाई, फणकारल्या. "उगाच पोरीला रडवलंत."

लॉबीच्या पायरीवर बसून त्यानं फोनवर तीन ओळी लिहिल्या. मुळं न तपासता निवड केली, झाडं धोकादायक आहेत, जागा बंद करावी. खाली स्वतःचं नाव. कॉन्डोच्या मॅनेजमेंटला आणि सुबोध सरांना एकदमच पाठवलं. रात्री राधिकाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तन्वीला मी सांगेन."

बारा दिवसांनी झाडं काढायला माणसं आली. तोवर पास रिन्यू होणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं. बोलावलं नसतानाही तो गेला, जागेभोवती बांधलेल्या पट्टीच्या अलीकडे उभा राहिला. पहिल्या झाडाला दोर बांधून दोघांनी बेतानंच ओढलं. कट्‌ असा आवाज झाला आणि अख्खं झाड झोपाळ्यांवर आडवं झालं.

पट्टीबाहेरच्या बाकावर बसलेल्या सरोजिनीबाईंनी नातीला मांडीवर ओढून घेतलं. थोड्या वेळानं त्यांनी त्याच्याकडे न बघताच शेजारची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि जरा सरकून बसल्या.

तो जाऊन बसला. माणसं दुसऱ्या झाडाला दोर बांधत होती.