लुएलाताईंचं आजोळ

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी वाईच्या सुमित्राबाई न्यू जर्सीला नातीकडे, गिरिजाकडे, सहा महिने राहायला गेल्या होत्या. गिरिजा पीएच.डी. करत होती. विषय ऐकून सुमित्राबाईंनी कपाळाला हात लावला.

"मरणाचा अभ्यास? एवढं शिकून हेच?"

"आजी, इथे कृष्णवर्णीय माणसं गोऱ्यांपेक्षा लवकर जातात. पिढ्यान् पिढ्या. पण नव्वदीपार गेलेल्यांत हा फरक मिटताना दिसतो. आमचे सर म्हणतात, तो भास आहे, त्यांची वयंच वाढवून लिहिलीत. ज्याचा लहानपणीचा कागद नसेल, त्याचं नाव आमच्या अभ्यासाच्या यादीतून शुक्रवारी कॅन्सल."

त्या नावांत खालच्या मजल्यावरच्या लुएलाबाई होत्या. जन्म जॉर्जियातला, सुइणीच्या हातचा, नोंद नाही. पुढे नोकरी लागताना कारकुनाने अंदाजाने १९३३ लिहिलं. बाई म्हणत, १९२७.

सुमित्राबाई चकल्यांचा डबा घेऊन खाली गेल्या, गिरिजा दुभाषी.

"सात भावंडं माझी," लुएलाबाई कडाडल्या, "एकानेही सत्तरी पाहिली नाही. मी एकटी शहाण्णवपर्यंत झुंजले, आणि ही पोर म्हणते नव्वद! सहा वर्षं कुठे गेली माझी?"

"ताई, रागावू नका. माझ्या पासपोर्टवर जन्मतारीख एक जून आहे. आमचा निम्मा वर्ग एक जूनचाच. गुरुजींची कृपा!"

लुएलाबाई इतक्या हसल्या की चकली घशात अडकली.

गिरिजा कानकोंडी झाली. "मी १९३०ची जनगणना पाहिली, आजी. यांच्या वडिलांच्या घरात आईवडील आणि दोन भाऊ आहेत. या नाहीत. म्हणजे जन्म नंतरचाच."

"अगं, पण बाळंतपण वडिलांच्या घरी झालं हे तुला कोणी सांगितलं? बाई माहेरी जाते. तुझी आई नाही का आली माझ्याकडे? ताई, तुमचं आजोळ कुठलं?"

गिरिजाने प्रश्न सांगितला. लुएलाबाईंच्या हातातली चकली तशीच राहिली.

"आजीकडेच तर जन्मले मी. अशक्त होते, म्हणून आईने तिथेच ठेवलं. शेळीच्या दुधावर वाढवलं आजीने. शाळेत जायच्या वयाची झाले तेव्हा घरी आणलं. हे मला कधी कोणी विचारलंच नाही, बेबी!"

आजीचं नाव कॅरी डॉबिन्स, गाव दुसऱ्याच तालुक्यात. गिरिजाने लॅपटॉप उघडला. पाऊण तास ती त्या गावाच्या जनगणनेची पानं चाळत होती. मग ती ओरडली, "सापडल्या! कॅरी डॉबिन्स, विधवा. नात लुएला, वय तीन!"

"पुन्हा वाच," लुएलाबाई म्हणाल्या. तिने चारदा वाचलं. चौथ्यांदा बाई काठी टेकत उभ्या राहिल्या आणि दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकींना घट्ट मिठी मारली.

शुक्रवारी सरांनी कोणाचंच नाव कापलं नाही. कागद नसलेल्या उरलेल्या बेचाळीस जणांची आजोळं धुंडाळली. काही खरंच वयाने लहान निघाले. एकोणीस जण ताठ मानेने यादीत राहिले.

लुएलाबाई अठ्ठ्याण्णव पूर्ण करून २०२५च्या उन्हाळ्यात गेल्या. त्यांच्या थडग्याच्या दगडावर १९२७ कोरलंय. सरांच्या वय तपासायच्या नियमांत आता आजोळाची ओळ आहे. गिरिजा डॉक्टर झाली, शिकवते. सुमित्राबाई वाईलाच असतात. बँकेच्या शुभेच्छा त्यांना अजून एक जूनलाच येतात, आणि त्या दिवशी त्या चकल्या तळतात.