सावलीची शेती आणि सैल नट

मी एक जुना लाकडी बाक आहे, मित्रांनो, आणि आधीच कबूल करतो, कुरकुऱ्या आहे. पेठ वडगावच्या केरबा सुताराने मला घाईघाईत ओल्या बाभळीचा बनवला. लाकूड वाळलं तसा माझा एक पाय खाचेत ढिला पडला. माझ्यावर बसलेलं माणूस जरा हललं, की मी कुरकुरायचो. त्यामुळे दोन वर्षं मला कुणी घेईना. शेवटी १९९३ साली संग्राम कांबळ्यांनी मला सायकलला बांधून कोल्हापुरात आणलं आणि स्वयंपाकघरात भिंतीशी ठेवलं.

त्यांची बायको इरावती हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि घरी आली की या जगात नसलेल्या गोष्टी लिहायची. शनीच्या कड्यावर म्हशी राखणारी बाई, पाऊस अडवून धरणारं यंत्र, असलं काहीबाही. लिहून झालं की ती शेजारच्या शालूबाईंना हाक मारी. शालूबाईंना अक्षरओळख नव्हती. त्या माझ्यावर बसून शेंगा फोडत ऐकायच्या. शाळेतल्या बाईंच्या लिहिण्याला नावं कशी ठेवायची, म्हणून तोंडाने काही बोलायच्या नाहीत. पण कंटाळा आला की चुळबुळायच्या आणि मी कुरकुरायचो. वाचताना इरावतीची नजर कागदावर असे, कान मात्र माझ्याकडे. मी कुरकुरलो, की ती समासात पेन्सिलीने फुली मारी आणि तेवढा भाग दुसऱ्या दिवशी नव्याने लिही.

अशा सात वर्षांत तिच्या अकरा कथा दिवाळी अंकांत छापून आल्या. माझी छाती फुगायची, म्हणजे बाकाची फुगेल तेवढी. मग पुण्याच्या एका प्रकाशकाने कादंबरी मागितली. दोन सूर्यांच्या ग्रहावर सावलीची शेती करणाऱ्या माणसांची गोष्ट तिने लिहायला घेतली.

नेमकी तेव्हाच संग्रामना माझी दया आली. ते कागलच्या एमआयडीसीत फिटर होते आणि त्यांच्या हातून गेलेली वस्तू पुन्हा हलत नसे. एका रविवारी त्यांनी मला लोखंडी पट्ट्या लावल्या आणि चार नट असे आवळले, की माझा आवाजच बंद झाला. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही हुरळलो. त्या हुरळण्याची मला आजही लाज वाटते.

कादंबरी शालूबाईंना वाचून झाली. एकही फुली पडली नाही. इरावती खुशीत होती. हस्तलिखित पुण्याला गेलं आणि तीन महिन्यांनी परत आलं. सावली कापायच्या यंत्राची मधली साठ पानं रटाळ आहेत, असं सोबतच्या पत्रात होतं. आपला जीव कथेपुरताच, असं ती संग्रामना म्हणाली. ते बाड तिने फडताळात टाकलं आणि वर्षभर कागदाला हात लावला नाही. मला सगळं माहीत होतं. ती साठ पानं शालूबाई माझ्यावर चुळबुळत होत्या आणि मी मुका होतो.

शेवटी शालूबाईंनीच भीड सोडली. "बाई, त्या यंत्राच्या पानांला धा येळा हललो की मी," त्या म्हणाल्या. "बाकडं तुमास्नी सांगतंय, हे मला ठाव हुतं. ते गप ऱ्हायलं, म्हनून मीबी गप ऱ्हायलो."

इरावतीने वाकून माझ्या पट्ट्या पाहिल्या. मग तिने संग्रामना पाना आणायला सांगितलं.

"जलमभर नट आवळत आलो," ते म्हणाले, "सैल करा म्हननारी तूच पयली." पण त्यांनी माझ्या ढिल्या पायाचा नट दोन आटे सैल केला. मी कुरकुरलो. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

इरावतीने साठच्या साठ पानं पुन्हा लिहिली. त्यांतली काही तर चारदा. २००३ साली पुस्तक आलं. बुद्धपौर्णिमेला पहिली प्रत हातात घेऊन तिने शेवटचं प्रकरण शालूबाईंना वाचून दाखवलं. गॅसवर खिरीचं दूध होतं. ते उतू गेलं, करपल्याचा वास घरभर सुटला, तरी कुणी उठलं नाही. शालूबाईंच्या ओटीतल्या शेंगा तशाच राहिल्या. नट सैल होता आणि मी एकदाही कुरकुरलो नाही.

आता घरात प्लास्टिकच्या खुर्च्या आल्यात, पण माझी जागा कुणी हलवत नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही असा एखादा कुरकुऱ्या असेल. त्याला ऊन दाखवा, तेल द्या, पाय मोडला तर बसवा. फक्त एक नट सैल ठेवा, आणि फुली मारायला पेन्सिल जवळ असू द्या.