नीलाबाईनं मागितलेली माफी

आमच्या चर्चच्या मंडळीला घाई लई. माझे मालक, शिवप्पा, लातूरच्या चर्चात आयुष्यभर पाळक म्हणून राबले. पण मुकुलसर आले आन् सगळ्यांना म्हातारा नकोसा झाला. सर शिकवणीत फिजिक्स शिकवायचे. उन्हाळ्यात बाप्तिस्मा घेतला, श्रावणात उपदेश करायला लागले, आणि मंडळीचे पंच म्हणाले, नाताळात सरांच्याच डोक्यावर हात ठेवून त्यांना पाळक करा. शिकवणीची पोरं चर्चाच्या बाकांवर मावत नव्हती ना!

"कच्च्या मडक्यात पाणी भरू नये," हे म्हणाले. कुणी ऐकलं न्हाई. मी म्हणलं, जाऊ द्या, पंचांची हौस फिटू द्या एकदाची.

मग भूकंप झाला. किल्लारीकडच्या एका गावात आमच्या मंडळीतली नीलाबाई राहायची. तिची दोन्ही लेकरं भिंतीखाली गेली. ती अंगणात झोपली होती, म्हणून वाचली.

हे तिच्या पत्र्याच्या शेडात जाऊन नुसते बसायचे. तिनं विचारलं, "माझी लेकरं का गेली?" तर म्हणायचे, "मला ठाऊक न्हाई, बाई." मुकुलसरांना असलं उत्तर पटेना. शिकवणीत त्यांनी कधी कुणाचा प्रश्न बिनउत्तराचा सोडला नव्हता. एका रविवारी शेडातल्या प्रार्थनेत नीलाबाईनं पुन्हा तेच विचारलं. सर उभे राहिले आणि म्हणाले, "घरात कुठंतरी पाप लपलेलं असतं, बाई. ते शोधा. देव उगाच मारत नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हे लगेच म्हणाले, "न्हाई बाई, तुझं काही चुकलं न्हाई." पण तिनं यांच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तिला उत्तर मिळालं होतं.

मग ती पाप शोधत बसली. शेजारणीची कोथिंबीर न विचारता तोडली, सासूला उलटून बोलले, असं दिसेल त्याला सांगायची. शेवटी एकच धरलं: लेकरांना आत निजवून आपण वाऱ्याला बाहेर झोपलो. जेवण सोडलं. डॉक्टर म्हणाले, अशानं ही जगणार न्हाई.

नाताळाच्या तोंडावर सर आमच्या घरी आले. चेहरा पार उतरलेला. "माझं चुकलं," म्हणाले.

"आम्हाला काय सांगता? जिला सांगितलं तिला सांगा," मी म्हणलं. यांनी मला डोळ्यांनीच दटावलं. मग आम्ही तिघंही गेलो.

सरांनी नीलाबाईपुढं हात जोडले. "बाई, मी खोटं सांगितलं. तुमचं काही पाप नव्हतं."

"मग का गेली?"

"मला माहीत नाही."

"असं नका करू, सर. तेवढंच एक कारण हाय माझ्याकडं. तेबी घेऊन जाता का?" तिनं पदर डोक्यावर घेतला आणि गुडघे टेकले. "तुम्ही आता पाळक होणार म्हणतात. डोक्यावर हात ठेवा आन् म्हणा, माफ झालं. मग जेवते."

माफ झालं म्हणावं तर पाप होतं असं ठरतं, न म्हणावं तर ती घास घेत न्हाई. सरांनी यांच्याकडं बघितलं. मग त्यांनी हात उचलला. तो तिच्या डोक्यावर ठेवता येईना, मागंही घेता येईना. शेवटी ते तिच्यासमोर मातीतच बसले आणि पोरासारखे रडायला लागले.

नीलाबाई मान खाली घालून तशीच थांबली होती.

"म्हणा ना, सर," ती म्हणाली.